दत्तोबा गोंद काढतात

"चाकाचं मला नको शिकवू!"

दत्तोबांच्या तोंडून हे वाक्य निघालं की पूर्वी घरातली माणसं हातातलं काम ठेवून सावध उभी राहायची. आता सवयीने कुणी लक्ष देत नाही, आणि त्या रविवारी नेमकं तेच चुकलं!

दत्तोबांना चाकाचा अभिमान असायला कारण होतं. त्यांच्या घरचा गाडा! मावळात किंवा खेड तालुक्यात बैलगाड्यांच्या शर्यतीचा घाट भरला आणि थेरगावच्या या घराचा गाडा तिथे नाही, असं कधी होत नसे. मग शेतं गेली, शेतांवर इमारती उठल्या, आणि त्यातली एक दत्तोबांची झाली. डांगे चौकाच्या मागे, तीन मजली, वरच्या खोल्यांत निरनिराळ्या कंपन्यांत कामाला जाणारे भाडेकरू. बैल जाऊनही आता वीस वर्षं झाली. पण शर्यत म्हटलं की दत्तोबांचं रक्त आजही असं उसळतं, की बीपीची गोळी घेतली तरी ते खाली बसत नाही.

त्यातून त्यांना लेक मिळाली सायकलच्या शर्यती खेळणारी. स्नेहल चाकणला एका कंपनीत क्वालिटीला होती. पहाटे सव्वापाचला कंपनीची बस, आठवड्यातून चार दिवस ओव्हरटाइम, आणि उरलेल्या वेळात सायकल. दत्तोबांच्या लेखी सायकल म्हणजे गाडाच; फक्त चाऱ्याची कटकट नाही.

असं असूनही स्नेहलने बापाला शर्यतीला यायची बंदी घातली होती. साक्षात बापाला!

त्याचं असं झालं, की गेल्या वर्षी एका शर्यतीत शेवटचा किलोमीटर राहिलेला असताना दत्तोबा दोरी ओलांडून रस्त्यावर उतरले, "झाली झाली झाली, भिर्रर्रर्र!" असं घाटातल्यासारखं ओरडत लेकीच्या बाजूने पळाले आणि खिशातला मूठभर भंडारा हवेत उधळला. स्नेहलला काहीच झालं नाही, ती पुढे निघून गेली. मागच्या चौघी मात्र त्या पिवळ्या ढगात शिरल्या, आणि बाहेर पडल्या त्या चार वेगवेगळ्या दिशांनी! एक तर थेट उसाच्या रसाच्या गाड्यापाशी जाऊन थांबली. पंचांनी क्लबला नोटीस दिली आणि स्नेहलने बापाला दिली. तेव्हापासून शर्यतीच्या दिवशी दत्तोबा घरीच बसत. टीव्हीसमोर बसत, पण टीव्ही लावत नसत.

आता पुढच्या रविवारी सगळ्यात मोठी शर्यत होती. राज्याच्या संघाची निवड! त्यासाठी मैत्रीताईने स्नेहलला आपली कार्बनची चाकं दिली होती. मैत्री ही क्लबमधली जुनी खेळाडू, राहणारी संत तुकाराम नगरची. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे यंदा ती घरी होती. चाकं इतकी हलकी, की दत्तोबांनी उचलून बघितली तेव्हा त्यांना वाटलं, निम्मं सामान आणायचं राहिलंय.

या चाकांची एक भानगड होती. साध्या सायकलचा टायर चाकाच्या कडेत अडकून बसतो. या चाकांचा टायर गोंदाने चिकटवावा लागतो. मैत्रीचे जुने टायर उपटून काढले होते, पण त्यांचा गोंद थरावर थर बसून, वाळलेल्या काकवीसारखा, चाकावर तसाच राहिला होता. तो पुरता काढल्याशिवाय नवा टायर धरणार नव्हता, आणि स्नेहलला तर आठवडाभर ओव्हरटाइम लागलेला.

"म्या काढतो की," दत्तोबा म्हणाले.

"आप्पा, तुम्ही नको."

आणि इथेच ते वाक्य आलं. "चाकाचं मला नको शिकवू!"

स्नेहलने सुस्कारा सोडला. "मग नीट ऐका. हे कार्बन आहे. चाकूने खरवडायचं नाही. थिनर लावायचा नाही. आणि तापवायचं तर अजिबात नाही."

"मंग ऱ्हायलं काय?"

"अंगठा. चोळत राहायचं. गोंदाच्या बारीक बारीक गोळ्या होतात, त्या काढून टाकायच्या."

"येवढंच व्हय? मंग माझी बी एक अट हाय. चाकं चकाचक झाली, तर रविवारी म्या शर्यतीला येनार."

स्नेहल बापाकडे बघत राहिली. तिला नाही म्हणायचं होतं. पण बापाचा चेहरा असा झाला होता, की नाही म्हणणं जिवावर आलं. "बरं. चाकांना काही न होता गोंद निघाला, तर या," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी दत्तोबा मांडी घालून, चाक मांडीवर घेऊन बसले. अंगठा लावला आणि चोळायला सुरुवात केली. दोन तास चोळलं! दोन तासांनी चाकाचा जेवढा भाग साफ झाला होता, त्यावर एक माशी बसली असती तर तिलाही पाय आखडून बसावं लागलं असतं. अंगठा मात्र टम्म फुगला.

"रविवार कुठला वो? ह्याच चालीनं पोळ्यापतुर निघंल," त्यांची बायको इंद्रायणी भाजी निवडता निवडता म्हणाली.

मंगळवारी तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू भिवा रात्रपाळी करून परत आला. माणूस कोकणातला, वय पंचेचाळीस, आणि कुणी काही करत असलं की जिन्यात थांबून ते बघायची त्याला हौस.

"काय करतास, मालक?"

"गोंद काढतुया. निघंना झालाय."

"गोंद?" भिवा हसला. "अवो, फणसाचो चीक हाताक लागलो की आमी काय करतव? खोबरेल लावतव! पाच मिनटांत साफ!"

दत्तोबांनी मनात स्नेहलची यादी तपासली. चाकू नाही, थिनर नाही, तापवणं नाही. खोबरेलाबद्दल पोरगी एक अक्षर बोलली नव्हती! त्यांनी इंद्रायणीची बाटली आणली आणि चाकावर सढळ हाताने ओतली. दहा मिनिटांत गोंद मऊ पडला. अर्ध्या तासात फडक्याबरोबर सोलून यायला लागला. बुधवारी सकाळी दोन्ही चाकं अशी काळीभोर झळकत होती, की दत्तोबांनी त्यात बघून मिशीला पीळ दिला.

मग काय विचारता! सगळ्या भाडेकरूंना बोलावून चाकं दाखवण्यात आली. इंद्रायणीला दोनदा दाखवण्यात आली. चाकांसोबत फोटो काढून घराच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'फक्त अनुभव.' स्नेहलने जेवणाच्या सुट्टीत तो बघितला, खूश झाली आणि मैत्रीला पाठवला. मैत्रीने तो आपल्या वडिलांना दाखवला.

आणि तासाभरात मैत्रीचे वडील थेरगावात हजर!

बुद्धरत्न हे एका मोठ्या कारखान्याच्या पेंट शॉपमधून निवृत्त झालेले. तीस वर्षं गाड्यांच्या पत्र्यावरचा रंग तपासण्यात गेलेली, त्यामुळे चकचकीत वस्तू दिसली की त्यांना आनंद होण्याऐवजी संशय यायचा. स्कूटर लावून, खिशात बॅटरी घेऊन ते वर आले.

"जय भीम, दत्तोबा."

"रामराम, या भाऊ! बघा, लेकीची चाकं कशी केल्यात!"

बुद्धरत्ननी बॅटरी पेटवून चाक तिरकं धरलं. मग पेल्यातलं पाणी बोटावर घेऊन एक थेंब चाकावर सोडला. थेंब मोत्यासारखा गोल बसला.

"छान दिसतोय थेंब," दत्तोबा म्हणाले.

"छान नाही हो! पाणी पसरायला पाहिजे. थेंब उभा राहिला म्हणजे खाली तेल आहे. कोणतं लावलं?"

"खोबरेल," दत्तोबा म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला.

"अहो, तेलावर रंग धरत नाही, तिथं गोंद काय धरणार? वळणावर टायर निघून येईल. आणि या कडेच्या पट्टीवर ब्रेकचं रबर दाबतं, तिलाही तुम्ही तेल पाजलंय. म्हणजे टायर निघाला तर पोरगी पडणार आणि नाही निघाला तर थांबणार नाही. दोन्ही सोयी करून ठेवल्यात!"

शर्यत हरणं वेगळं. पण आपण चोपडलेल्या तेलावरून आपलीच पोरगी उतारावर घसरत चाललीये, हे चित्र दत्तोबांच्या डोळ्यांपुढून हलेना.

"भाऊ, लेकीला सांगू नगा. काय करायचं तेवढं सांगा."

"धुवायचं," बुद्धरत्न म्हणाले आणि त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या.

भांडी घासायच्या साबणाने चाकं धुतली. थेंब उभा. पुन्हा धुतली. थेंब उभाच! इंद्रायणीला राहवलं नाही. "दिवाळीत अंगाचं तेल उटण्यानं जातंय, मंग ह्याचं का जानार न्हाई?" म्हणून तिने डाळीचं पीठ आणलं. बुद्धरत्न नको नको म्हणेपर्यंत एक चाक पिठात माखलं होतं. आता तेलाबरोबर पीठ काढायचं काम वाढलं! गुरुवारी दुपारपर्यंत चाकं अकरा वेळा धुतली, साबणाच्या तीन वड्या संपल्या आणि घरातली खरकटी भांडी ओट्यावर तशीच रचून राहिली. अकराव्या वेळी बुद्धरत्ननी थेंब सोडला. थेंब एक क्षण थबकला आणि सपकन पसरला!

दोघांनी एकमेकांना मिठी मारली. पाण्याचा थेंब पसरला म्हणून मिठी मारणारी माणसं थेरगावने तेव्हा पहिल्यांदाच पाहिली असतील.

संध्याकाळी बुद्धरत्ननी स्वतः ब्रशने नव्या गोंदाचा पातळ हात दोन्ही चाकांवर दिला आणि चाकं तळमजल्यावरच्या रिकाम्या खोलीत तारेला टांगली. "रात्रभर असू द्या. सकाळी पंखा लावा. खोलीत कुणी यायचं नाही, झाडायचं नाही, धूळ म्हणजे आपला शत्रू. कळलं?"

"भाऊ, बैल राखल्यात आमी. चाकं राखायला काय हुतंय?"

दत्तोबांनी खरोखर राखली. रात्री खोलीला कुलूप, किल्ली कमरेला. शुक्रवारी सकाळी त्यांनी पंखा पाचवर लावला आणि स्टूल टाकून चाकांसमोर बसले. गोंद एकसारखा, बोटाला किंचित चिकटेल असा आला होता. चाकं हळूहळू झुलत होती. दत्तोबांचा ऊर भरून आला. लेक निवड चाचणीला चाललीये! आणि त्यांच्या मनात आलं, या घरचं चाक भंडारा लागल्याशिवाय आजवर शर्यतीला गेलेलं नाही.

त्यांनी स्वतःशी खूप वाद घातला, हे कबूल केलं पाहिजे. उधळायचा नाही, हे तर ठरलेलंच. गोंदाला हात लावायचा नाही, हेही ठरलं. पण मध्यभागी, जिथे तारा एकत्र येतात, तिथे एवढीशी चिमूट टेकवायला काय हरकत आहे? चिमूट! त्यांनी देव्हाऱ्याजवळची पिशवी आणली, डोळे मिटले, खंडेरायाचं नाव घेतलं आणि पिशवीचं तोंड सोडलं.

पंखा पाचवर होता.

डोळे उघडले तेव्हा दत्तोबांना स्वतःचा हात दिसेना. खोलीभर पिवळं धुकं! ते खाली बसलं तशी चाकं दिसायला लागली. चिकट गोंदाने कणन् कण टिपून घेतला होता. दोन्ही चाकं नवरीसारखी हळदीने माखून झुलत होती.

दत्तोबांनी फोन लावला. "भाऊ, चाक जरा पिवळं झालंय."

"कुठे?"

"समदीकडं."

बुद्धरत्न सावकाश म्हणाले, "तेल लावू नका. पाणी लावू नका. काही म्हणजे काही लावू नका. मी निघालो."

बुद्धरत्ननी चाक बघितलं, डोक्याला हात लावला आणि कामाला लागले. आता एकच उपाय होता. हा गोंद कालचाच, कोवळा. तळव्याला थोडा ताजा गोंद लावायचा, तो चिकट आला की चाकावर थोपटायचं आणि झटकन उचलायचं. हळदीसकट थर तळव्यावर येतो. मग तळवे चोळून गोळ्या करायच्या, टाकायच्या, पुन्हा गोंद, पुन्हा थोपटायचं. उपाय नामी होता, पण चाकाचा घेर मोठा आणि हात चारच!

मग दत्तोबांनी भाडेकरूंना साद घातली. भिवा आला, खोबरेलाचं पाप त्याच्या डोक्यावर होतंच. लातूरकडचे दोघे पहिली पाळी करून आले, ते डबा ठेवायलासुद्धा वर गेले नाहीत. काळेवाडीहून कुणाचा तरी मेव्हणा सहज भेटायला आला होता, त्यालाही बसवला. चाकांभोवती कोंडाळं करून सगळे थोपटायला लागले, आणि त्या एकसारख्या थप थप आवाजाने शेजारणी भाकरीची ऑर्डर आहे का विचारायला येऊन गेल्या.

सातला स्नेहल कामावरून आली. तिने दार ढकललं. आत सहा माणसं, बारा पिवळे तळवे, आणि मधोमध मैत्रीताईची चाकं! सगळ्यांनी एकदम हात पाठीमागे लपवले.

"हे काय चाललंय?"

मैत्रीचे वडील छताकडे बघायला लागले.

दत्तोबा उठले. "समदं म्याच केलं. आधी तेल लावलं, मंग भंडारा सांडला. ह्यांनी कुनी काय केलं न्हाई, ह्ये निस्तरत्यात. चाकाला ओरखडा न्हाई, आयशप्पत. रविवारी म्या येत न्हाई. पर तू ह्याच चाकावर जा."

स्नेहलला आधी भयंकर राग आला. मग तिचं लक्ष बापाच्या उजव्या अंगठ्याकडे गेलं. तो सुजून दुप्पट झाला होता, त्यावर फडकं गुंडाळलं होतं आणि फडक्यालाही गोंद लागला होता. तिने बॅग ठेवली, हात धुतले आणि कोंडाळ्यात बसली. "सरका जरा," ती म्हणाली.

तासाभरात चाकं लख्ख झाली. बुद्धरत्ननी थेंब सोडला, तो पसरला. गोंदाचा एक हात लगेच आणि दुसरा शनिवारी सकाळी, दोन्ही स्नेहलच्या देखरेखीखाली. शनिवारी दुपारी टायर बसले. बुद्धरत्ननी भिंतीला पाय देऊन टायर ओढून बघितला. टायर तसूभर हलला नाही, बुद्धरत्न मात्र पाठीवर पडले.

"एकदम ओके," ते पडल्या पडल्या म्हणाले.

संध्याकाळी स्नेहल बापाजवळ आली. "उद्या सहाला निघायचंय. तुम्हीपण."

दत्तोबांना खरं वाटेना.

"पण तोंड बंद. दोरीच्या आत यायचं नाही. भंडारा घरी. फक्त टाळ्या वाजवायच्या. चालेल?"

"पळेल!" दत्तोबा म्हणाले आणि त्यांनी इस्त्रीचा सदरा त्याच क्षणी बाहेर काढला.

रविवारी चाकणजवळच्या एमआयडीसीतल्या रुंद रस्त्यावर मांडव घातला होता. दत्तोबा गाडीतून उतरतात तोच क्लबच्या प्रशिक्षक रश्मी मॅडम धावत आल्या.

"काका, ते गोंदवाले तुम्हीच ना? स्नेहल सांगत होती, आख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये असा हात कुणाचा नाही!"

दत्तोबा फुलले. "आता लेक म्हनती तर आसंल."

"मग या की इकडे!"

मांडवाच्या मागच्या बाजूला सतरंजी अंथरली होती. सतरंजीवर ओळीने चौदा चाकं, सगळ्यांवर कालच लावलेल्या, पण धूळ बसून वाया गेलेल्या गोंदाचा पातळ थर. शेजारी ताज्या गोंदाचा डबा. आणि सतरंजी अशी टाकली होती, की बसलं की रस्त्याकडे पाठ! दत्तोबांनी वळून लेकीकडे बघितलं. स्नेहल हेल्मेटचा पट्टा बांधत होती आणि तिचा चेहरा अगदी गरीब दिसत होता.

दत्तोबा बसले. करणार काय? मुलींची शर्यत सुटली, तेव्हा ते तिसऱ्या चाकावर होते. पहिली फेरी गेली, तेव्हा पाचव्यावर. लाउडस्पीकरवर नावं ऐकू येत होती आणि स्नेहलचं नाव आलं की दत्तोबांचे तळवे दुप्पट वेगाने थोपटत होते. नवव्या चाकावर असताना आवाज आला, "शेवटचा किलोमीटर! पहिल्या चौघींची निवड, आणि पुढे आहेत पाच जणी!"

दत्तोबा ताडकन उठले. मांडवाच्या कनातीखालून वाकून, दोघांच्या पायांतून वाट काढत ते दोरीपाशी पोचले. दोरीच्या अलीकडेच! स्नेहल पाचवी होती. चौथीच्या मागे, मग बरोबरीला, मग पुढे! तिसरीलाही गाठलं! भिर्रर्र दत्तोबांच्या घशापर्यंत आलं. त्यांनी दात असे आवळले, की कानशिलं दुखली. स्नेहल तिसरी आली. निवड झाली!

आता टाळ्या! तेवढी तर परवानगी होती. दत्तोबांनी दोन्ही हात लांब फाकवले आणि जिवाच्या आकांताने एक सणसणीत टाळी वाजवली.

दुसरी वाजलीच नाही.

त्यांनी हात ओढून बघितले. पिरगाळून बघितले. दोन्ही तळव्यांवर मघापासून थापलेला गोंद अगदी हवा तसा चिकट झाला होता, आणि बुद्धरत्ननी शिकवलेल्या पद्धतीत खोट नव्हती. तशात रश्मी मॅडम त्यांना दंडाला धरून स्टेजवर घेऊन गेल्या. "निवड झालेल्या मुलींचे पालक!" समोरून आलेल्या प्रमुख पाहुण्यांनी दत्तोबांचे जोडलेले हात बघितले आणि लगबगीने स्वतःचे जोडले. दत्तोबा हात खाली करेनात, म्हणून पाहुण्यांनाही करता येईनात. दोघे बराच वेळ तसेच उभे राहिले.

"आप्पा, पुरे की आता," स्नेहल पुटपुटली.

"चिकटल्यात," दत्तोबा ओठ न हलवता म्हणाले.

स्नेहलने बापाच्या हातांकडे बघितलं, आणि मग ती पदक गळ्यात घालून अशी खदाखदा हसत सुटली, की हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने तिथेच बापाला मिठी मारली. दत्तोबांना तिच्या पाठीवरून हात फिरवायचा होता. दोन्ही एकदम फिरवावे लागले.

तो फोटो आता थेरगावच्या घरात टीव्हीच्या वर लावला आहे. मध्ये लेक पदक घेऊन, शेजारी दत्तोबा हात जोडून, मान किंचित झुकवून. बघणारा प्रत्येक जण थक्क होतो. "दत्तोबा, राव, तुम्ही? इतकं नम्र व्हायला कधी शिकलात?"

"लेकीनं शिकिवलं," दत्तोबा म्हणतात आणि घाईघाईने चहाचं विचारतात.